राहिली नाही

चिंचवडच्या कन्याशाळेच्या लेखी मुरारी भालेकराची बायको मेलेली होती. मरून अकरा वर्षं झाली होती, आणि येत्या रविवारी शाळेच्या रौप्यमहोत्सवात तिचं नाव संगमरवरी पाटीवर झळकणार होतं. स्वतः मयताला हे कळलं ते गुरुवारी संध्याकाळी, तव्यावर भाकरी असताना.

तिची दहा वर्षांची लेक सुभद्रा चुलीपासून चार हातांवर उभी राहून भाषण पाठ करत होती. हात मागे, मान वर, जणू समोर हजार माणसं बसली आहेत.

"कैलासवासी इंद्रायणी वाडेकर ह्या आमच्या शाळेच्या सर्वांत हुशार विद्यार्थिनी होत्या. सन एकोणीसशे त्रेचाळीस साली मॅट्रिकला पहिल्या वर्गात येणारी आमच्या शाळेची पहिली मुलगी म्हणजे इंद्रायणी. पण कॉलेजात न जाता त्या जखमी जवानांची शुश्रूषा करण्यासाठी आसामच्या आघाडीवर गेल्या. तिथे पांढऱ्याशुभ्र साडीत त्या तंबूतंबूंतून फिरत..."

"पांढरीशुभ्र कुठली," तवा उतरवता उतरवता आई बोलून गेली. "गुडघाभर चिखलात पांढरं राहतंय होय काही?"

"तुला काय माहीत?"

"मला काय माहीत! आपला एक अंदाज."

"आणि आई, मामांचं आडनावसुद्धा वाडेकरच ना गं?"

"वाडेकर काय, खेड तालुक्यात दगड मारला तर वाडेकराला लागतो. तू पुढचं म्हण."

पुढचं सुभद्रानं म्हटलं. पुढच्यात इंद्रायणीला वीरमरण आलं. कोपऱ्यात पावटा सोलत बसलेल्या ठकुबाईनं, म्हणजे सुभद्राच्या आजीनं, पदरानं डोळे पुसले. "लई गुनाची पोर व्हती म्हनायची," ती म्हणाली. "आमच्या ज्योतीरामासारखीच गेली बिचारी." भाकरी करपली होती. ती कशी करपली हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही, आणि ते बरंच झालं.

इंद्रायणी म्हणजे ही आईच, हे चाणाक्ष वाचकाला सांगायला नको. पण घरातल्या कुणाला कसं कळलं नाही, ते सांगितलं पाहिजे, कारण असला घोटाळा आपल्याकडेच होऊ शकतो.

तिचे वडील रंगराव वाडेकर लढाईच्या काळात देहूरोडच्या लष्करी डेपोत कारकून होते, म्हणून बिऱ्हाड चिंचवडला आणि मुलगी कन्याशाळेत. शाळा तेव्हा निराळ्याच तालात होती. वर्गात व्याकरण चालायचं आणि मधल्या सुट्टीत मुली ओळीनं बसून पट्ट्या गुंडाळायच्या. रविवारी दोघीदोघी मिळून रहाटणी, पिंपळे गुरव, तळवडे अशा गावांतून जायच्या आणि पलटणीत गेलेल्या पोरांची पत्रं त्यांच्या आयांना वाचून दाखवायच्या, उत्तरं लिहून द्यायच्या. शाळेतून पाचजणी प्रत्यक्ष लढाईच्या कामावर गेल्या. दोघी टेलिफोनवर, दोघी डेपोच्या कचेरीत, आणि इंद्रायणी पुण्यात नर्सिंगचे धडे घेऊन थेट आसामात, तंबूंच्या इस्पितळात. रंगरावांची संमती हेडमिस्ट्रेस दुर्गाबाईंनी मिळवली आणि डेपोच्या साहेबानं त्या कागदावर शिक्का मारला. साहेबासमोर रंगरावांना नाही म्हणता आलं नाही.

दोन वर्षांनी मुलगी परत आली तेव्हा वडील नोकरी सोडून खेडला गेले होते आणि त्यांना एकच चिंता होती. अनोळखी पुरुषांची अंगं पुसून आलेल्या मुलीला करून कोण घेणार? मग त्यांनी ती दोन वर्षंच पुसून टाकली. घरात तिला सगळे आक्का म्हणत. पत्रिका जुळवताना नावरसाचं नाव पुढे केलं, ते भलतंच होतं. तळवड्याच्या भालेकरांकडचं स्थळ आलं. मुलाची आई ठकुबाई. तिनं सुपारी फोडायच्या आधी स्पष्ट विचारलं, "पोर कदी घराभाईर ऱ्हायली न्हाई न्हवं?" रंगराव म्हणाले, दोन वर्षं मामाकडे होती, आजारी मामीची सेवा करायला. लग्न लागलं, आणि तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं. सावित्री. झालं. इंद्रायणी कुठल्याच कागदावर उरली नाही.

सावित्रीनं हे सगळं पत्करलं. संसार चांगला होता, मुरारी भला माणूस होता, सासू तोंडाची फटकळ पण मनाची मोकळी. सासूचा थोरला मुलगा ज्योतीराम चव्वेचाळीस साली मणिपुराकडे मारला गेला, त्याची तार आली तेवढीच. त्याची पत्रं वाचायला याच शाळेच्या मुली यायच्या, म्हणून ठकुबाईला शाळेचं भारी कौतुक. मुरारीला पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात काम लागलं आणि बिऱ्हाड चिंचवडला आलं, तेव्हा तिनंच हट्ट धरला की नात जाईल तर त्याच शाळेत. सावित्रीला नको म्हणायला कारण सापडलं नाही. वर्षभर तिनं शाळेची वाट टाळली. बाजाराला जाताना ती स्टेशनला वळसा घालून जायची, कारण सरळ वाटेवर शाळेचं फाटक होतं आणि फाटकातून प्रार्थना ऐकू यायची. ती तिला सगळी पाठ होती. भांडी घासताना ती ओठांतल्या ओठांत म्हणायची आणि मग दिवसभर कशात लक्ष लागायचं नाही.

शुक्रवारी निरोप आला. भाषण करणाऱ्या मुलींच्या आयांनी हेडमिस्ट्रेसबाईंना भेटून जावं. ठकुबाईचे गुडघे नेमके त्याच दिवशी धरलेले.

सावित्री पदर कपाळापर्यंत ओढून गेली. ऑफिसच्या बाहेर मॅट्रिकच्या मुलींचा फलक होता. सगळ्यांत वर तिचं नाव, आणि नावाआधी एक अक्षर, 'कै.' त्याचा रंग जरा वेगळा होता. मागाहून घातलेलं होतं.

दुर्गाबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या. जाड भिंगांच्या चष्म्याआडून त्यांनी दाराकडे पाहिलं आणि डोळे बारीक केले. मोतीबिंदू होता.

"कोण? सुभद्राची आई का? या, बसा. मुलगी तुमची गुणी आहे. उच्चार अगदी स्वच्छ. घरी कोणी शिकलेलं आहे का?"

"नाही," सावित्री अगदी हळू म्हणाली.

"नवल आहे. इंद्रायणीचं भाषण मी दर वर्षी एकीला देते. नुसतं पाठ करून चालत नाही, ती कोण होती ते कळलं पाहिजे. म्हणून आयांना बोलावते." त्यांनी टेबलाचा खण ओढला आणि एक पिवळं पडलेलं पोस्टकार्ड काढलं. "वाचता येतं ना? वाचा. मला आता दिसत नाही, पण पाठ आहे."

अक्षर वडिलांचं होतं. कारकुनी, टाक मोजून उचललेला. 'आमची इंद्रायणी आता राहिली नाही. तरी पुन्हा पत्र पाठविण्याची तसदी घेऊ नये. कळावे.' तारीख लग्नानंतरच्या महिन्यातली.

असे होते रंगराव. आयुष्यात त्यांनी एक अक्षर खोटं लिहिलं नाही. खरंच असं लिहायचे, की खोट्याचं काम व्हावं. मुलगी सासरी गेली, तिची सावित्री झाली, इंद्रायणी राहिली नाही. यात खोटं काय आहे?

"मीच धाडली हो तिला," दुर्गाबाई म्हणाल्या. "वडील तयार नव्हते. मी तीनदा त्यांच्या घरी गेले. एवढी हुशार मुलगी, आपल्या शाळेचं नाव काढील म्हणून. कॉलेजात जाऊ दिली असती, तर आज या खुर्चीत ती बसली असती. मी महिनाअखेरीस नागपूरला भावाकडे जाते कायमची. माझ्या मागे कोण, असं कमिटी विचारते. काय सांगू? माझ्या मागे जी होती तिला मी पुढे घालवलं."

सावित्रीच्या हातात ते कार्ड होतं. बाई, मी आहे, एवढे तीन शब्द. तिला त्या बाईंच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं, त्यांच्या तोंडून आपलं नाव ऐकायचं होतं. कुणी त्या नावानं हाक मारल्याला इतकी वर्षं झाली होती की तहान लागावी तसं झालं होतं तिला. पण हे तीन शब्द दुपारपर्यंत चिंचवडभर होतील आणि दिवेलागणीला तळवड्यात. मग सुपारी फोडताना खोटं बोलून दिलेली पोर म्हणून ठकुबाई तिच्याकडे बघेल. मुरारीही बघेल. ज्या घरात अकरा वर्षं तिनं कुणाला दुखवलं नाही, तिथं पुढचं आयुष्य मान खाली घालून काढावं लागेल.

"बाई," ती म्हणाली.

"बोला."

"लाडू शनिवारी पोचते करायचे, का रविवारी सकाळी?"

घरी येताना ती स्वतःला लाखोली वाहत होती. मराठा पलटणीतल्या धिप्पाड गड्यांचे पाय कापताना जिनं कंदील धरला, तिला एका म्हाताऱ्या बाईसमोर तोंड उघडता आलं नाही. लाडू म्हणे! शनिवारी तिनं ते लाडू वळले, आणि प्रत्येक लाडवाबरोबर उद्या जायचंच नाही असं ठरवलं. पण ठकुबाईचे गुडघे रविवारी सकाळी आपोआप बरे झाले होते. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसून दारातूनच हाळी दिली, "चल की गं, पोरीचं भाशान सुरू व्हईल!"

मैदानात मांडव होता. मुरारी पहिल्या पाळीला गेला होता, म्हणून सासू-सून दोघीच बायकांच्या बाजूला बसल्या, मधल्या रांगेत. पाहुण्यांचं भाषण लांबलं, तसं ते लांबतंच. सुभद्राचं मात्र सुरेख झालं. चिखलाचं वाक्य तिनं आपल्या पदरचं म्हणून दडपून घातलं आणि पांढरीशुभ्र साडी गाळली. व्यासपीठावर दुर्गाबाईंनी मान जराशी वळवली. मग पाटीवरचा पडदा ओढला गेला आणि त्यांनी पाच नावं पुकारली. टेलिफोनवाली एक आणि कचेरीतल्या दोघी आल्या होत्या, त्या वर जाऊन नारळ घेऊन आल्या. चौथी दिल्लीला होती. पाचव्या नावाशी दुर्गाबाईंचा आवाज बसला.

"कैलासवासी इंद्रायणी वाडेकर. हिच्या स्मृतीसाठी आपण सर्व जण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू."

सतरंजीवरून सगळा मांडव उठला. पाहुणे उठले, मुली उठल्या, मागच्या बाजूला चहाचं भांडं घेऊन चाललेला गडीसुद्धा भांडं खाली ठेवून उभा राहिला. सावित्रीनं उठायला हात टेकला आणि तिला उठवेना. पाय बरे होते. पण स्वतःच्या मरणाला मान द्यायला माणसानं उभं कसं राहायचं? हे एकदा केलं की झालं मग. पाटी काय, नाव काय, सगळंच खरं होईल. शेजारी ठकुबाई गुडघे सावरत उभी होती. तिनं खाली वाकून सुनेला कोपरखळी मारली.

"ऊठ की! मेलेल्या मानसाचा मान हाय."

"मी कशी उठू, आत्याबाई?"

"का? काय झालं तुला?"

"माझ्यासाठी मीच कशी उठू?"

एरवी हे कुणाला ऐकू गेलं नसतं. पण दोन मिनिटांच्या स्तब्धतेत हजार माणसं उभी असली की कुजबुज मैदानाच्या टोकाला जाते. माना वळल्या. दुर्गाबाईंना चेहरे दिसत नव्हते, पण उभ्या माणसांमध्ये एक खळगा आहे एवढं दिसलं. शिस्तीच्या बाबतीत त्या कुणाची गय करत नसत. त्या व्यासपीठावरून उतरल्या आणि रांगांमधून वाट काढत आल्या.

"कोण बसलंय?"

सावित्रीनं डोक्यावरचा पदर खाली सोडला. "बाई, वडिलांनी लिहिलं ते खोटं नव्हतं. राहिली नाही. माझी सावित्री केली ना सासरी."

दुर्गाबाई तिच्याजवळ खाली बसल्या. चष्मा काढला आणि बोटांनी तिचं कपाळ, नाक, हनुवटी चाचपली. बोलल्या तेव्हाही त्यांच्यातली शिक्षिकाच बोलली.

"तीस वर्षं व्याकरण शिकवलं गं मी. 'राहिली नाही' याचे दोन अर्थ होतात, एवढं मला सुचू नये?" आणि मग लहान मुलीसारख्या रडल्या. "इंद्रायणी. इंद्रायणी. आधी का नाही आलीस? कुठं होतीस इतके दिवस?"

कुठे होती? दोन गावं पलीकडे होती, नि गेलं वर्षभर तर दोन गल्ल्या पलीकडे. सावित्रीला आपलं नाव ऐकून इतका आनंद झाला की त्याच क्षणी त्याचं वाईटही वाटलं. जी दुर्गाबाईंच्या खुर्चीत बसायची होती ती मुलगी या हाकेनं परत येणार नव्हती. ती खरोखरच राहिली नव्हती.

मांडवात गलका झाला. सुभद्रा धावत आली आणि आईकडे बघत उभी राहिली, एखाद्या परक्या बाईकडे बघावं तशी. बायका प्रश्न विचारत होत्या. सावित्रीची नजर एकाच माणसाला शोधत होती. ठकुबाई अजून उभीच होती. दोन मिनिटं केव्हाच संपली होती. मग ती वळली आणि फाटकाकडे चालू लागली.

सुभद्राला दुर्गाबाईंजवळ ठेवून सावित्री मागोमाग निघाली. ठकुबाई पुढे आणि सून दहा पावलं मागे, अशा त्या रेल्वेच्या कडेकडेनं चालल्या. उन्हात म्हातारीचे गुडघे कुरकुरत असणार, पण ती थांबली नाही. वाटेत कडुनिंबाच्या पाराशी मात्र बसली. सावित्री समोर उभी राहिली. बोलणी खायची तिची तयारी होती. अकरा वर्षांची साठलेली होती ती.

"बापासंगं मिळून फशिवलं मला," ठकुबाई म्हणाली.

"हो."

"म्या सुपारी फोडताना इचारलं व्हतं."

"हो, आत्याबाई. चुकलं माझं. मी तेव्हाही बोलायला हवं होतं, आणि नंतरही."

"पट्ट्या बांधायचीस?"

"हो."

"त्यांस्नी न्हाऊमाखू घालायचीस? परक्या बाप्यांस्नी?"

"हो."

"आनि मरताना? मरताना जवळ आसायचीस?"

"असायचे. ज्याचं काही चालणार नाही त्याच्याजवळ बसायला डॉक्टर मलाच सांगायचे, मराठी यायची म्हणून."

सावित्रीला वाटलं, आता शिवी येणार.

"ज्योतीची तार आली," ठकुबाई म्हणाली. "तारंत काय आसतं? गेला म्हून आसतं. तुमच्या शाळंची पोर आल्ती वाचाया. म्या तिला इचारलं, बाई, कुनी व्हतं का त्याच्यापाशी? पानी पाजलं का त्याला कुनी? ती म्हनली, आजी, यात एवढंच लिवलंय. ती बी रडाया लागली. तेरा वरसं झाली. रोज घास तोंडात घालताना माझ्या मनात येतंय, तान्हेला गेला का काय माझा ल्योक. आनि ज्या बाईला समदं ठावं, ती माझ्या चुलीम्होरं बसल्याली! अगं, तू मानसं शिवलीस म्हून मी तुला हाकललं आसतं व्हय? म्या तुला उराशी धरली आसती."

सावित्री पाराच्या खाली मातीतच बसली. आपल्याला हाकलतील म्हणून आपण गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्यानं या माणसाचा रोजचा घास कडू केला, हे तिच्या मनाला इतकी वर्षं शिवलंसुद्धा नव्हतं.

ठकुबाई पुढे वाकली. तिनं सुनेचा हात दोन्ही हातांत धरला.

"तुला दिसला व्हता का गं? माझा ज्योती?"

इथं वडिलांची विद्या कामाला आली असती. इतके आले आणि इतके गेले, आत्याबाई, त्यातला एखादा असेलही. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. म्हातारी त्यावर उरलेला जन्म सुखानं जेवली असती. सावित्रीच्या जिभेवर ते वाक्य आलं, आणि तिनं ते गिळलं.

"नाही, आत्याबाई. गाव विचारल्याशिवाय मी कुणाला सोडत नव्हते. तळवड्याचा कुणी आला असता तर मी विसरले नसते. तो माझ्याकडे नाही आला."

ठकुबाईनं हात सोडला नाही. पुण्याकडची गाडी आली आणि गेली, तिचा आवाज रुळांवर रेंगाळला, तरी ती तशीच बसून राहिली.

"मंग जो आला त्येचं सांग," ती म्हणाली. "कुनाचा का आसंना. त्येच्या आयला बी कुनी सांगितलं नसंल."

सावित्रीनं डोळे पुसले.

"पाटणकडचा एक होता," ती म्हणाली. "एकोणीस वर्षांचा. त्याला ताक पाहिजे होतं."

"मिळालं का?"

"तिथं कुठलं ताक? दुधाच्या पावडरीत लिंबू पिळून दिलं. प्याला सगळं. म्हणाला, आईच्या हातची सर नाही."

"आसंच म्हनत्यात मेले," ठकुबाई म्हणाली आणि तिनं पाराशी सरकून सुनेला शेजारी जागा केली. "फुडं सांग."